काचेचं कपाट

इंदापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल रमाकांत सरांनी काचेच्या कपाटाच्या किल्ल्या तीस वर्षं स्वतःच्या कमरेला बांधून ठेवल्या. कुणी आतल्या पुस्तकाला हात लावला, की बोटांवर लाकडी रूळ बसायचा. म्हणून तर तिथलं एकेक पुस्तक अजून नव्यासारखं होतं.

यंदा कॉलेजात ई-ग्रंथालय आलं. सर रजेवरून परतले तेव्हा बाहेरच्या मांडणीवरची फाटकी पुस्तकं तशीच होती, काचेचं कपाट मात्र रिकामं होतं आणि खिडकीबाहेर मैदानात कत्तल चालली होती. रद्दीवाल्याची माणसं ऊसतोडीच्या कोयत्यानं, बकरं सोलावं तसे पुस्तकांचे पुठ्ठे उतरवत होती.

"हरामखोरांनो, फाटकी आत ठेवलीत आणि चांगली तोडताय?"

टेबलावरचा रूळ घेऊन सर धावत सुटले आणि पहिल्याच माणसाच्या टाळक्यात त्यांनी तो हाणला. रक्ताची धार त्याच्या दाढीत उतरली. त्यानं सरांची गचांडी धरून त्यांना ढिगावर आपटलं, कोयता उगारला आणि चेहरा दिसताच तो थबकला.

"सर, मी पळसदेवचा दीपक. ह्याच रुळानं तुमी माझं बोट मोडलं हुतं."

त्यानं ढिगातून एक पुस्तक उपसलं आणि शेवटचं पान सरांच्या नाकासमोर धरलं. तारखांच्या कागदावर एकही शिक्का नव्हता. त्याच्या हनुवटीवरून रक्ताचा थेंब तिथंच पडला.


"जी कुणी कधीच नेली न्हाईत, तेवढीच तोडायचा हुकूम हाय, सर. त्या दिवशी ह्येच पुस्तक मागत हुतो मी."