साडूंचा व्यायाम

अच्युतरावांनी मनगटावरचं नाडी मोजणारं घड्याळ झटकून पाहिलं, पण आकडा काही वर चढेना. रोज अर्धा तास ठोके एकशेवीसवर न्या, नाहीतर छाती उघडावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि गुडघे तर चार पावलांतच कुरकुरायचे.

तेवढ्यात समोरच्या फाटकावरून साडू त्र्यंबकराव म्हणाले, "सायकल मारा की. सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलीय ना तुम्हाला? आम्हाला आपली स्कूटर मिळाली."

चाळीस वर्षांपूर्वीचं ते विष पुन्हा अंगात भिनलं आणि घड्याळ थेट एकशेतीसवर गेलं. मग काय, अच्युतराव रोज सकाळी साडूंच्या फाटकाशी उभं राहून मनसोक्त भांडू लागले. डॉक्टर खूश झाले.

पण दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, भांडण हेच औषध असल्याची बातमी फुटलीच. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव हात जोडून बाहेर आले.

"अच्युतराव, सगळं माझंच चुकलं. तुम्ही मोठे, माफ करा."

आकडा धाडकन सत्तरवर आला.

"भांडा हो," अच्युतराव काकुळतीला आले. "माणसाच्या जिवाशी खेळताय तुम्ही."

"खेळतोय खरा," त्र्यंबकराव गोड हसले. "बसा, चहा टाकायला सांगतो."