अकरा पॉइंट

परदेशात, हॅमिल्टनच्या घरी क्षितिजला गॅरेजमध्ये बिअर बनवायची होती. त्यासाठी लागणाऱ्या वायरिंगचा आराखडा काढून द्यायला त्याचे वडील, वीज मंडळातून निवृत्त झालेले बाळासाहेब, लगेच तयार झाले. पण तीन आठवडे उलटले तरी आराखडा काही संपेना. बापलेक रोज दोन-दोन तास गॅरेजमध्ये, दार लावून. सुमतीबाईंना भलताच संशय आला. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाचा वासही घेऊन पाहिला. शेवटी एका दुपारी त्यांनी कागदच ओढून घेतला.

"अहो, एक भांडं तापवायला अकरा पॉइंट? खरं सांगा, आत काय चालतं तुमचं?"

"पुढेमागे त्याला वाढवायचं झालं तर..." म्हणता म्हणता बाळासाहेबांनी कागद हळूच परत घेतला.



"हा कागद पुरा झाला, की आमच्या बोलण्यात पुन्हा 'जेवलास का?' एवढंच उरेल गं."