वरच्या वाडीचा शंख

अनसूयेने श्रावणी सोमवार सोडायला पहिला घास उचलला आणि डोंगरावरून शंख ऐकू आला.

घाटातल्या तिन्ही वाड्यांनी मिळून ठरवलेली ती रीत होती. पावसात डोंगर हलला की वरच्या वाडीने शंख फुंकायचा, मधलीने उत्तर द्यायचं, मग खालचीने, आणि सगळ्यांनी घरं सोडून माळावर जायचं. उत्तर येईपर्यंत वरच्यांनी फुंकणं थांबवायचं नाही.

पण वरची वाडी परवाच रिकामी झाली होती. तिथला शंख फुंकणारी भागाबाई इथे मधल्या वाडीत, अनसूयेच्याच शेजारी पाटावर बसली होती. तिने बोचकं सोडून दाखवलं. "शंख हा इथे आहे गं. वर चिटपाखरू नाही."

"वारा घुमतोय," सासरे म्हणाले. "पानावरून उठलीस तर उद्यापर्यंत उपाशी राहशील, अनसूये. तुझाच नेम आहे."

जेवताना मौन, हाही तिचाच नेम होता. ती ऐकत राहिली. शंख माणसासारखा दम घेऊन पुन्हा वाजत होता. तिने घास खाली ठेवला, पानाला नमस्कार केला आणि देवघरातला शंख घेऊन अंगणात फुंकला.

वरचा शंख थांबला. खालच्या वाडीचं उत्तर आलं.

सगळे माळावर पोचले आणि मागे डोंगर मधल्या वाडीवर उतरला. माणूस एकही गेलं नाही.

वाड्यांच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "वरच्या वाडीत आता कोण आहे? शंखाच्या रीतीतून तिचं नाव काढून टाकू."

"राहू द्या," बैठकीत कधी न बोलणारी अनसूया हळूच म्हणाली. "ठरलेलं त्यांनी पाळलं."