वरच्या ओळी

“वरदानं वाक्य सुरू केलं की हे बटण. पुढचं वाक्य, पुन्हा बटण. आधी नको, नंतरही नको,” पुरुषोत्तम म्हणाले.

“कळलं,” श्यामलाबाई म्हणाल्या.

“मीच लॅपटॉपपाशी बसलो असतो गं. पण विंगेत प्रॉम्प्टिंगला कुणीतरी हवं.”

“वरदाला सगळं पाठ आहे हो. तुम्हाला लोकांत बसायचं नाही, एवढंच आहे ते.”

मिरजेच्या मेडिकल कॉलेजात गॅदरिंगच्या प्रत्येक नाटकाला पुरुषोत्तम विंगेत संहिता घेऊन उभे असत. उजेडात यायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही.

एल्मरिज हे यॉर्कशरमधलं लहानसं गाव. दर शरद ऋतूत तिथे कलांचा सीझन होतो. लायब्ररीत जलरंगांचं प्रदर्शन, चर्चमध्ये ब्रास बँड, टाउन हॉलमध्ये हौशी मंडळींचा ऑपेरा. बेकरीच्या काचेवरसुद्धा पोस्टर लागतं आणि घरचं कार्य असल्यासारखं सगळं गाव त्याबद्दल बोलतं. यंदा त्या पोस्टरवर पहिल्यांदाच एक मराठी नाटक होतं. एकपात्री, पाऊण तासाचं, वरदा करणार होती ते. लेखक, डॉ. पुरुषोत्तम रिसबूड. ब्रेड आणायला म्हणून ते त्या काचेसमोरून रोज जात आणि पोस्टरकडे न बघितल्यासारखं करत.

कौन्सिलची जेनिफर सीझन ठरवायची. तिनं आधीच बजावलं होतं, “डॉक्टर, स्लॉट दिलाय. पण लोक मध्येच उठून गेले, तर मराठीला पुढच्या वर्षी कमिटी उभं करणार नाही. त्यांना कळलं पाहिजे.”

म्हणून रंगमंचाच्या वर पडदा टांगायचा आणि त्यावर इंग्रजी ओळी दाखवायच्या, असं ठरलं. नाटक लिहायला लागला नव्हता इतका वेळ पुरुषोत्तमांना भाषांतराला लागला. एकेक शब्द ते खोडत, परत लिहीत, रात्री उठून परत खोडत. आपलं इंग्रजी केस पेपर लिहिण्यापुरतंच, अशी त्यांची खात्री होती.

नाटकातली बाई लग्न होऊन नुकतीच यॉर्कशरला आलेली. साल एकोणीसशे एकोणऐंशी, कडक हिवाळा. कोपऱ्यावरच्या लाल बूथमधून ती सांगलीला फोन लावते आणि वडील गेल्याचं तिला कळतं. तेवढ्यात लाइन तुटते. बाहेर थंडीत माणसं रांगेत उभी. त्यांच्यापुढे रडायचं नाही म्हणून ती रिसीव्हर तसाच कानाला धरून हसत बोलत राहते. पलीकडे कुणीच नसतं.

ही बाई कोण, ते पुरुषोत्तमांनी कुणाला सांगितलं नव्हतं. श्यामलाबाईंनी विचारलंही नव्हतं.

गुरुवारी तालीम झाली. जेनिफर कमिटीच्या काही लोकांना घेऊन आली होती. सगळ्यांनी माना वर करून पडद्यावरची ओळ न् ओळ वाचली. जेनिफर जाताना म्हणाली, “भाषांतर सुरेख आहे.” पुरुषोत्तमांना त्या रात्री झोप लागली नाही, इतकं बरं वाटलं.

घरी आल्यावर श्यामलाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, “सगळे वरच बघत होते. बाईकडे कुणी बघेना.”

“म्हणजे वाचत होते. चांगलंच की.”

श्यामलाबाईंनी त्यांच्यापुढे कप ठेवला.

आणि आज शनिवार. हॉल भरला. श्यामलाबाई मागच्या टेबलावर, प्रोजेक्टरजवळ. पुरुषोत्तम विंगेत, जिथून ना पडदा दिसत होता, ना प्रेक्षक. वरदा लीड्सला फिजिओथेरपिस्ट. काळा कोट अंगावर चढवत ती म्हणाली, “काका, कागद एवढा घट्ट धरू नका, फाटेल.” आणि उजेडात गेली.

सुरुवातीला हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. खुर्च्या करकरल्या. मग सगळं शांत झालं.

विमानतळावर कस्टम्सवाल्यानं बाईचा गोडा मसाला हुंगला, त्या वाक्यावर कुणीच हसलं नाही. त्या एका ओळीवर त्यांनी आठवडा घालवला होता. फसलं, ते मनात म्हणाले. पण पुढच्याच क्षणी वरदानं नाक पुसत त्या कस्टम्सवाल्याची नक्कल केली आणि हॉल खदखदला. तालमीत लोक वाचून आधी हसत होते, वरदा मागून पोचायची. आज हसू तिच्याबरोबर येत होतं. बटण अगदी वेळेवर पडतंय, असं त्यांना वाटलं. श्यामलाचं त्यांना कौतुक वाटलं.

शेवटी वरदा तुटलेल्या फोनवर हसत राहिली. हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. मग आणखी कुणीतरी. दिवे मालवले तरी क्षणभर टाळी वाजली नाही, आणि वाजली तेव्हा थांबेना. वरदानं विंगेत येऊन पुरुषोत्तमांचा हात धरला आणि त्यांना उजेडात ओढलं. सगळा हॉल उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी प्रेक्षकांकडे मान वर करून पाहिलं.

बाहेर लॉबीत ब्रास बँडचा एक म्हातारा त्यांचा हात सोडेना. “सगळं पोचलं, डॉक्टर,” एवढंच तो म्हणाला.

श्यामलाबाई कोट घालून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे लाल होते. जेनिफर गर्दीतून वाट काढत आली.

“पुढच्या वर्षीचा स्लॉट तुमचा,” ती म्हणाली. “कमिटीला विचारायची गरजच नाही. ते आत अजून डोळे पुसतायत.”

पुरुषोत्तमांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जे विचारू नये असं वाटत होतं, तेच विचारलं.

“माझं इंग्रजी ठीक होतं ना?”

जेनिफर त्यांच्याकडे बघतच राहिली.

“कुठलं इंग्रजी? पहिल्याच मिनिटाला तुम्ही पडदा कोरा केलात, तेव्हा मी घाबरून मागे धावणार होते, डॉक्टर. मग उठायचंच विसरले.”

श्यामलाबाईंनी पर्स उघडली आणि नीट गुंडाळून ठेवलेली प्रोजेक्टरची केबल जेनिफरच्या हातात दिली.