आठ अंश

जुहूच्या विमानतळावर घाडीसाहेब विमानाचं होकायंत्र तपासत होते. विमान एकेका दिशेला वळवायचं, होकायंत्र किती चुकतं ते कार्डावर लिहून ठेवायचं. वैमानिक तेवढी चूक धरूनच दिशा ठरवतो. आज चूक आठ अंश येत होती. "सर, डॅशबोर्डवरचा हात काढता?" शेजारी बसलेली ज्युनिअर इंजिनिअर गार्गी म्हणाली. हात काढताच आकडा सरकला. मनगटात चुंबकाचं कडं होतं. "सांधे दुखतात, म्हणून सुनेनं आणलं गं," ते म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. कडं घातल्यापासून त्यांनी तीन विमानांची कार्डं दिली होती. "कुणाला सांगू नका," गार्गी कुजबुजली. "दोन महिन्यांत रिटायर होताय. आपण गुपचूप पुन्हा तपासू ना." "त्यातलं एक आत्ता हवेत आहे," घाडीसाहेब म्हणाले. त्यांनी कंट्रोल टॉवरला फोन लावला. "विमान परत बोलवा. कार्ड चुकलंय. त्यावर सही माझी आहे."