मक्यावरचा वेल

“मका गुडघ्याला लागला, की मगच घेवड्याचं बी मातीत टोक, पोरी. दोघांच्या पायाशी भोपळा.” सासूबाईंचं हे सांगणं सुंदराबाईंनी वैधव्यातही पाळलं.

यंदा परसाची वाटणी झाली. दोरी नेमकी मधून गेली. मका दिराकडे, घेवड्याची मुळं सुंदराबाईंकडे. “वहिनी, तुमचा वेल आमच्या मक्यावर कशाला?” म्हणत त्यानं फुललेले वेल विळ्यानं कापले.

कार्तिकात चातुर्मासाचं उद्यापन आलं. नैवेद्याला भोपळ्याचे घारगे हवेत, आणि अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नसतो; पहिला घाव घरच्या पुरुषाचा.

“मीच चिरते,” लेक फणकारली. “त्या माणसाच्या दारात जाऊ नकोस, आई.”

“दरवर्षीचा पहिला भोपळा भावजींकडूनच चिरून घेईन, असा तुझ्या आजीला शेवटच्या घटकेला शब्द दिलाय.”

भोपळा कडेवर घेऊन, तोंडाशी आलेला शाप जपाखाली दाबत सुंदराबाई दिराच्या फाटकाकडे निघाल्या.