चाराला एक

लेकीचा शिक्षिका म्हणून पहिलाच तास आणि रंगारी बापाला काम मिळालं, तेही नेमकं त्याच वर्गाबाहेरच्या भिंतीचं. तिला संकोच नको म्हणून तो भिंतीकडे तोंड करून राहिला. कान मात्र आत होते. एकाच पट्ट्यावर रंगाचा तिसरा हात चालला होता.

"काटकोन त्रिकोण मोठा झाला तरी बाजूंचं गुणोत्तर तेच कसं राहील, बाई?"

ती तडक बाहेर आली. "बाबा, शिडी घेऊन आत या. कशी लावता, सांगा यांना."

"भिंतीवर चार फूट, तर खाली पाय भिंतीपासून एक फूट लांब. आठ, तर दोन. शिडी कितीही मोठी आणा, चाराला एकच."

"मुलांनो, उभे राहा. माझे गणिताचे पहिले सर आलेत."

रंगाऱ्यानं घाईघाईनं डोक्याचं फडकं काढलं आणि अदबीनं दाराकडे वळून पाहिलं.